युरोत बिल, रुपयात पगार: हे गणित शिकायला सुरुवात कुठून करू?

कळंबा_नाका | सोमवार, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे. धागा पहिल्यांदाच काढतेय, सांभाळून घ्या.

शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत मी हिशेब बघते. टनामागे वीज किती, रेझिन किती, रिजेक्शन किती हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. दीड वर्षापूर्वीपर्यंत आमचा सगळा माल पुण्याला जायचा आणि पैसे रुपयात यायचे. आता एक जर्मन गिऱ्हाईक लागलंय. दर तिमाहीला साधारण २ लाख युरोचं बिल, ९० दिवसांची उधारी.

मागच्या खेपेला कोटेशन काढलं तेव्हा युरो ९० रुपये होता. बिल झालं १ कोटी ८० लाखांचं, त्यात आमचे ६ टक्के, म्हणजे १० लाख ८० हजार. पैसे जमा झाले त्या दिवशी बँकेने दर लावला ८७.४०. २ लाख गुणिले २ रुपये ६० पैसे, ५ लाख २० हजार गेले. रिजेक्शन वाढलं नव्हतं, मजुरी वाढली नव्हती, भट्टीही बंद पडली नव्हती. निम्मा नफा बँकेच्या ॲडव्हाइसवरच्या (पैसे जमा झाल्याच्या चिठ्ठीवरच्या) एका ओळीत संपला. मालक म्हणाले, "तू एवढी शिकलेली, तुला आधी कळलं कसं नाही?"

आता त्याच मालकांच्या डोक्यात नवीन मोल्डिंग लाइनसाठी १० लाख युरोचं कर्ज घ्यायचं चाललंय. कारण काय, तर तिकडे व्याज ४ टक्के आणि इथे ११.

पुतण्याचं एमबीएचं पुस्तक मागून आणलं. चांगली उशी होते. तिसऱ्या प्रकरणात चार प्रकारच्या 'पॅरिटी' आल्या आणि मला झोप लागली. परीक्षा द्यायची नाहीये, पण मालकांपुढे परत गप्प बसायचं नाहीये. कुठून सुरू करू?

रोकडवही | सोमवार, रात्री ११:०५

ताई, पुस्तक तूर्त उशाशीच राहू द्या. मी एका सरकारी बँकेच्या फॉरेक्स शाखेत बावीस वर्षं काढली. अर्ध्याहून जास्त निर्यातदारांना पहिल्या दिवशी मी एकच काम सांगायचो.

एक फुलस्केप कागद घ्या. डावीकडे येणारे पैसे, उजवीकडे जाणारे. प्रत्येक रकमेपुढे चलन आणि तारीख. पुढच्या बारा महिन्यांचं एवढंच लिहा. ज्या महिन्यात दोन्ही बाजूंची चलनं जुळत नाहीत, तिथे तुमचा धोका. याला आम्ही 'एक्स्पोजर' म्हणायचो. पुस्तकातली बाकीची प्रकरणं या कागदावरच्या फटी बुजवण्याबद्दलच आहेत.

दुसरं. तुमची उधारी ९० दिवसांची नाही. कोटेशन दिलंत त्या दिवशी तुम्ही युरोत शब्द देऊन बसलात. मग ऑर्डर आली, पॅटर्न झालं, ओतकाम, मशिनिंग, न्हावाशेव्याला कंटेनर, आणि तिथून पुढे ९० दिवस. मोजून बघा, पाच-सहा महिने निघतील. बिलाच्या तारखेपासून धोका मोजणं ही सगळ्यांत नेहमीची चूक.

फटीकडे दुर्लक्ष केल्यावर काय होतं त्याचं एक जुनं उदाहरण. ब्रिटनमध्ये फ्रेडी लेकर यांची विमान कंपनी होती. १९७७ मध्ये त्यांनी लंडन-न्यूयॉर्क स्वस्त सेवा काढली आणि तुफान चालली. तिकिटांचे पैसे मुख्यतः पौंडात येत. विमानं घेतली होती डॉलरच्या कर्जावर, इंधनही डॉलरमध्ये. १९८० च्या अखेरीस एका पौंडाला सुमारे २.४० डॉलर मिळत होते, वर्षभरात तो २ च्या खाली आला. हप्ता तोच राहिला, पण तो भरायला पौंड जास्त लागू लागले. मंदी आणि मोठ्या कंपन्यांशी दरयुद्ध हेही होतंच. फेब्रुवारी १९८२ मध्ये कंपनी बुडाली.

पाटपाणी | मंगळवार, सकाळी ७:४०

वाचतोय. युरो कर्जाचं आमच्याकडेही चाललंय, तेव्हा त्यावर जरा सविस्तर येऊ द्या.

माइनकाठ | मंगळवार, दुपारी १:२०

फ्रँकफुर्टहून लिहितेय, इथे एका कंपनीच्या ट्रेझरीत आहे. (मूळची मिरजेची, त्यामुळे शिरोली वाचून बरं वाटलं.)

४ टक्के विरुद्ध ११ टक्के ही तुलनाच मुळात चूक आहे. दोन वेगळ्या चलनांतले व्याजदर शेजारी ठेवून वजा करायचे नसतात. युरोचं कर्ज घेऊन ते रुपयात फेडायची वेळ आली, तर मधल्या काळात युरो किती महागेल त्याची भरपाई व्याजातल्या फरकातूनच होणार असते. बाजार हा फरक फॉरवर्ड दरात, म्हणजे पुढच्या तारखेच्या व्यवहारासाठी आजच पक्क्या केलेल्या दरात, आधीच धरून बसलेला असतो. सोपे आकडे घ्या. आजचा दर ९०. रुपयात वर्षाला ७ टक्के, युरोत ३ टक्के. मग वर्षभरानंतरचा फॉरवर्ड दर निघतो ९० × १.०७ ÷ १.०३, म्हणजे ९३.५० च्या आसपास. 'स्वस्त' कर्जाचे चार टक्के इथे परत गेले.

कळंबा_नाका | मंगळवार, रात्री ९:३०

रोकडवही काका, कागद करायला घेतलाय. माइनकाठ, इथे अडले. फॉरवर्ड ९३.५० म्हणजे बँकेला वाटतंय की युरो वर्षभरात ९३.५० ला जाईल? मग बँकेचा अंदाज चुकला तर?

रोकडवही | मंगळवार, रात्री १०:४५

हा प्रश्न मला पहिल्या वर्षी पडला होता आणि विचारायची लाज वाटली होती. तुम्ही विचारलात ते बरं केलंत.

बँकेला काहीही वाटत नाही. फॉरवर्ड दर हे भाकीत नसतं, नुसती बेरीज-वजाबाकी असते. माझ्या टेबलावर काय घडायचं ते सांगतो.

समजा वर्षभराने तुमचे १ लाख युरो येणार आहेत आणि त्यांचा दर तुम्ही आज माझ्याकडून पक्का मागताय. मी भविष्य बघायला जात नाही. आजच बाजारातून युरो उसने घेतो. किती? वर्षभराने ३ टक्के व्याजासकट बरोबर १ लाख फेडावे लागतील इतके, म्हणजे ९७,०८७ युरो. ते आजच ९० ने विकतो, हातात येतात ८७ लाख ३७ हजार ८६४ रुपये. ते ७ टक्क्यांनी वर्षभर लावून ठेवतो, होतात ९३ लाख ४९ हजार ५१५. वर्षभराने तुमचे १ लाख युरो आले की माझं युरो कर्ज फिटलं, आणि माझ्याकडचे रुपये तुमचे. भागून बघा, युरोमागे ९३.५०. त्यात माझे थोडे पैसे कापतो, तो माझा धंदा. युरो तेव्हा ८० ला असो की १०५ ला, माझी झोप उडत नाही.

(प्रत्यक्षात आम्ही हे स्वॅपने, म्हणजे चलनांच्या अदलाबदलीच्या कराराने करतो, पण गणित हेच.)

तुमच्या झोपेच्या प्रकरणातली 'इंटरेस्ट रेट पॅरिटी' ती हीच. झाली की शिकून!

आणि हे निर्यातदाराच्या फायद्याचं आहे. आपल्याकडे व्याज जास्त, म्हणून फॉरवर्ड आजच्या दरापेक्षा वर असतो. याच आकड्यांनी ९० दिवसांचा फॉरवर्ड साधारण ९०.८९ निघतो. पुढचं कोटेशन काढाल तेव्हा आजच्या दराने काढू नका. ज्या महिन्यात पैसे येणार त्या महिन्याचा फॉरवर्ड विचारा आणि त्यावर काढा.

द्राक्षबाग | बुधवार, सकाळी ६:१५

काका, एवढं सोपं नाही ते. आम्ही निफाडकर. दरवर्षी रॉटरडॅमला कंटेनर जातात. एका वर्षी मीही शहाणपणा करून फॉरवर्ड बुक केलं होतं. तांबड्या समुद्रात गडबड झाली, जहाजं आफ्रिकेला वळसा घालून निघाली आणि खेप लांबली. माल पोचला तेव्हा मणी सैल. आयातदार म्हणाला, ठरलेला भाव नाही देत. युरो आले ते उशिरा आणि कमी. बँकेला मात्र ठरल्या तारखेला ठरले तेवढे हवे होते. आता राहिलेले युरो मी कुठून आणू, माझ्या बागेला लागतात का? रद्द करायचा खर्च माझ्या डोक्यावर. तेव्हापासून हात लावला नाही.

रोकडवही | बुधवार, सकाळी ९:५०

द्राक्षबाग, तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे आणि ते ताईंनाही लागू पडतं. फॉरवर्ड ही दोन्ही बाजूंनी बांधिलकी असते. जो पैसा नक्की येणार त्याच्यासाठी ती ठीक. फळासारख्या मालात सगळी रक्कम बांधली की युरोचा धोका जातो आणि त्याच्या जागी मालाचा धोका दुप्पट होऊन येतो. तुमच्यासारख्याने फार तर कमीत कमी येणारच असा हिस्सा बांधावा, आणि तोही एका तारखेला नाही, महिन्याभराच्या अवधीत कधीही वापरता येईल असा. उरलेल्यासाठी ऑप्शन असतो. आज विम्यासारखा हप्ता भरायचा. युरो पडला तर ठरलेल्या दराने विकायचा हक्क, चढला तर बाजारात विका. गिऱ्हाईकच बुडालं तर फॉरवर्ड काय आणि ऑप्शन काय, कामाचे नाहीत. तिथे ईसीजीसीचा विमा. ही सरकारी कंपनी १९५७ पासून हेच काम करतेय.

पण 'हप्ता नाही, फुकट ऑप्शन देतो' असं कोणी म्हणालं तर चहा पाजून वाटेला लावा. २००७-०८ मध्ये रुपया डॉलरला ३९ च्या घरात होता आणि सगळ्यांना खात्री होती की तो अजून वधारणार. तिरुपूरच्या होजिअरीवाल्यांना आणि इतर अनेक निर्यातदारांना तेव्हा असे गुंतागुंतीचे 'बिनखर्ची' करार विकले गेले. हप्ता नव्हता, कारण त्याच करारात निर्यातदाराने बँकेला उलटा ऑप्शन विकलेला असायचा, म्हणजे डॉलर चढला तरी ठरलेल्या दरानेच बँकेला द्यायची बांधिलकी. काहींचा तर येन आणि स्विस फ्रँकशी संबंध, ज्यांचा बनियनच्या धंद्याशी काडीचा संबंध नव्हता. २००८ च्या अखेरीस डॉलर ५० च्या आसपास. कोर्टकज्जे झाले, आणि एप्रिल २०११ मध्ये रिझर्व्ह बँकेने डेरिव्हेटिव्हचे (फॉरवर्ड-ऑप्शनसारख्या करारांचे) नियम मोडल्याबद्दल १९ बँकांना दंड केला. त्या काळात मी सोबतच्या टेबलावर होतो, एवढंच सांगतो.

बिनव्याजी | बुधवार, दुपारी १२:०५

एवढा द्राविडी प्राणायाम कशाला? रुपयात बिल लावा ना सरळ. आपण कधी आत्मनिर्भर होणार?

माइनकाठ | बुधवार, दुपारी २:४०

@बिनव्याजी, कायद्याने लावता येतं. जुलै २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने रुपयात व्यवहार मिटवायची व्यवस्थाही काढली. पण त्याने धोका नाहीसा होत नाही, तो जर्मन गिऱ्हाइकाच्या गळ्यात पडतो. त्याच्या बँकेत रुपयाचा फॉरवर्ड महाग. तो एक तर भाव पाडून मागेल, नाही तर तुर्कस्तानातल्या फाउंड्रीकडे जाईल. ज्याला धोका स्वस्तात पेलता येतो त्याने तो पेलावा, आणि भावात तसं मांडून घ्यावं. बिलाचं चलन हा घासाघिशीचाच विषय असतो.

इथल्या लोकांना एक किस्सा अजून आठवतो. जानेवारी १९८५. लुफ्थान्साने बोईंगकडून २० विमानं घ्यायचं ठरवलं, किंमत ५० कोटी डॉलर, पैसे वर्षभराने. डॉलर तेव्हा ३.२० मार्कांना होता. कंपनीचे प्रमुख हाइन्त्स रूनाऊ यांना वाटत होतं की डॉलर पडणार, पण खात्री नव्हती. म्हणून त्यांनी निम्मी रक्कम फॉरवर्डने ३.२० ला बांधली आणि निम्मी मोकळी सोडली. वर्षभरात डॉलर २.३० वर आला. मोकळे २५ कोटी डॉलर ५७.५ कोटी मार्कांत मिळाले, बांधलेल्या २५ कोटींना ८० कोटी मार्क पडले. काहीच बांधलं नसतं तर साडेबावीस कोटी मार्क वाचले असते. रूनाऊंवर टीकेची झोड उठली. त्यांचा अंदाज खरा ठरला होता, आणि शिव्या खाल्ल्या त्या अंदाजावर पुरता विश्वास ठेवला नाही म्हणून!

डॉलर ४ मार्कांवर गेला असता तर हेच लोक विचारत असते की सगळं का नाही बांधलं. कळंबा_नाका, तुमच्या मालकांशी हे बोलणं आधीच करून ठेवा. किती टक्के बांधायचं ते लिहून सही घ्या. युरो ९५ ला गेल्यावर "९०.८९ ला कुणी विकला?" हा प्रश्न येणारच आहे.

द्राक्षबाग | बुधवार, रात्री ८:००

सही घ्याच. आमच्याकडे ती सही बायकोची लागते.

सनदी_पण_साधा | गुरुवार, रात्री ११:५०

सीए आहे, इचलकरंजी. १० लाख युरोचं कर्ज फेडायचं कशातून यावर कुणी बोललं नाही म्हणून लिहितो.

माइनकाठ म्हणाल्या ते 'कर्ज युरोत आणि फेड रुपयात' असेल तेव्हा खरं. पण इथे फेडही युरोत होऊ शकते! तिमाहीला २ लाख म्हणजे वर्षाला ८ लाख युरो येतायत. कर्ज पाच वर्षांचं धरलं तर वर्षाला २ लाख मुद्दल आणि वर व्याज. साधारण सव्वा तिमाहीचं बिल कर्जाला, उरलेलं रुपयात. युरो पडला तर बिलात नुकसान आणि हप्त्यात फायदा. दोन्ही एकमेकांना कापतात. यालाच नैसर्गिक हेज म्हणतात. म्हणजे मालकांचं कारण चुकीचं असलं तरी निर्णय वाईट नसावा.

आता पाण्यात पाय टाकण्याआधी. जेवढे युरो हप्त्याला बांधले ते परत फॉरवर्डने विकायचे नाहीत. मी दोनदा विकलेले पाहिलेत. ४ टक्के हा आकडा फसवा आहे: प्रोसेसिंग फी, गॅरंटीचं कमिशन, आणि परदेशी सावकार 'मला निव्वळ व्याज हवं' म्हणाला तर त्याच्यावरचा करही तुमच्याकडून. हे सगळं घालून मगच रुपयाच्या कर्जाशी तुलना करा, आणि तीही फॉरवर्डमधून रुपयात आणून. शिवाय हे बाह्य व्यावसायिक कर्ज. पैसे उचलण्याआधी रिझर्व्ह बँकेचा कर्ज नोंदणी क्रमांक लागतो, नंतर विवरणपत्रंही भरावी लागतात. नियम बदलत असतात, बँकेकडून लेखी घ्या.

सगळ्यांत मोठं: युरो देणारं गिऱ्हाईक एकच आहे. ते उद्या गेलं तर उत्पन्न रुपयात येईल आणि कर्ज युरोतच राहील. मग तुम्ही लेकर.

पुण्याच्या सुझलॉनचं आठवत असेल. परदेशी चलनातले परिवर्तनीय रोखे काढले होते. शेअर वर राहिला असता तर रोख्यांचे शेअर झाले असते आणि फेडायचा प्रश्नच आला नसता. व्याज त्यामुळे कमी दिसत होतं. शेअर कोसळला, रुपया घसरला, आणि ऑक्टोबर २०१२ मध्ये सुमारे २०.९ कोटी डॉलरची फेड चुकली.

चलन जुळवूनही धंदा वाचतोच असं नाही, हेही खरं. टाटा स्टीलने जानेवारी २००७ मध्ये कोरस ही ब्रिटिश-डच पोलाद कंपनी घेतली, ब्राझीलच्या सीएसएनशी लिलावात चुरस होऊन शेअरमागे ६०८ पेन्सला. कर्जाचा बराच भाग तिकडच्याच कंपनीवर, तिकडच्याच उत्पन्नातून फेडायचा, असं रचलं होतं. चलनाच्या दृष्टीने नीट. पण २००८ नंतर युरोपात पोलादाला मागणीच उरली नाही, त्याला कुठला फॉरवर्ड?

रोकडवही | शुक्रवार, सकाळी १०:१०

सनदी साहेब, अनुमोदन. फक्त एक. एवढ्या लहान कारखान्याने आधी बाह्य कर्जात न शिरता घरच्या बँकेकडे परकीय चलनातलं पॅकिंग क्रेडिट (माल पाठवण्याआधी तो तयार करायला मिळणारं कर्ज) मागावं, आणि माल गेल्यावर बिल युरोतच डिस्काउंट करून घ्यावं, म्हणजे बिलावर मुदतीआधीच बँकेकडून पैसे उचलावेत. युरो आज हातात येतात, आज विकता येतात, नव्वद दिवसांनी गिऱ्हाइकाचे पैसे येऊन बँकेचं कर्ज फिटतं. वर मी माझ्या टेबलावरचं जे गणित सांगितलं, तेच तुम्ही तुमच्या टेबलावर केलंत. मशिनला हे चालणार नाही, खेळत्या भांडवलाला चालेल.

आणि ताई, बँकेच्या ॲडव्हाइसवर त्या क्षणीचा बाजारदर आणि तुम्हाला दिलेला दर यातलं अंतर किती होतं ते शोधा. युरो-रुपया थेट फारसा विकला जात नाही. युरो-डॉलर गुणिले डॉलर-रुपया असा जोडून दर निघतो, आणि त्या दोन सांध्यांमध्ये पैसे लपवायला भरपूर जागा असते. मी लपवलेत, मला माहीत आहे.

कळंबा_नाका | तीन आठवड्यांनंतर, रविवार, दुपारी ४:३०

सगळ्यांचे आभार. उशीर झाला, ऑडिट होतं.

कागद झाला. दोन गोष्टी सापडल्या ज्या मला ठाऊक असायला हव्या होत्या. स्क्रॅप आणि पिग आयर्न आम्ही रुपयात घेतो, इथूनच. म्हणून उजव्या बाजूला मी 'रुपये' लिहिलं होतं. मग तीन वर्षांची खरेदी बिलं काढली. डॉलर हलला की आमचा सप्लायर महिनाभरात भाव हलवतो. म्हणजे बिल रुपयात असलं तरी आत डॉलर बसलाय. विक्री युरोत आणि कच्चा माल लपलेल्या डॉलरमध्ये! पुस्तकात याला 'इकॉनॉमिक एक्स्पोजर' म्हणतात असं पुतण्या म्हणाला. ते प्रकरण आता जागेपणी वाचलं.

दुसरं, काका, तुम्ही म्हणालात ते अंतर. ३५ पैसे! बँकेत गेले, ॲडव्हाइस पुढे ठेवला आणि नुसतं विचारलं, "हे किती धरलंय?" साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि म्हणाले, "मॅडम, तुम्ही कधी विचारलंच नाही." १० पैशांवर आले. वर्षाचे ८ लाख युरो गुणिले २५ पैसे, २ लाख रुपये. माझ्या दोन महिन्यांच्या पगाराहून जास्त आहेत, ते मालकांना मुद्दाम सांगितलं.

फॉरवर्ड: पक्क्या ऑर्डरपैकी निम्मे बांधायचे असं ठरलं, मालकांची सही घेतली. कर्ज सध्या १० ऐवजी ४ लाख युरोचं, बोलणी चालू आहेत. दुसरं गिऱ्हाईक मिळेपर्यंत वाढवायचं नाही, असं सनदी साहेबांचं वाक्य मी माझं म्हणून सांगितलं. क्षमस्व.

सनदी_पण_साधा | रविवार, सायंकाळी ६:०५

फी पाठवून द्या. युरोत चालेल.

पाटपाणी | रविवार, रात्री ९:२०

आमच्या बँकेत उद्या मीही चष्मा पुसायला लावतो. काका, डॉलरचं बिल असेल तर किती पैसे जास्त मानायचे?